आयर्लंडातून हाकललेले साप जयेंद्रगंजात

जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर.
रामनवमीचा दुसरा दिवस, भर दुपार.

ती. सौ. विमलताईस,

मधूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे मनातल्या मनात समजून घ्यावं. गेले काही दिवस माझे गुडघे वाकायला तयार नाहीत आणि दोन्ही कोपरं सोललेली आहेत. त्याचं कारण योग्य जागी येईल, किंवा येणारही नाही.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे हे विचारणार होतो, पण परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि अंदाज आला. जिजाजींची शुगर, समरजीतची नोकरी आणि सूनबाईंचं ते ऑनलाइन केक शिकवणं, सगळं ठीक चाललं असेल असं धरून चालतो. इकडे ऊन आतापासूनच अंगात येतंय. कूलरला नवीन खस लावली, त्यामुळे घराला दिवसभर ओल्या गवताचा वास आणि मला दिवसभर सर्दी. बाकी सर्व मंडळी खुशाल आहेत. आबाही खुशाल आहेत. हे वाक्य तू दोनदा वाच, कारण पुढचं सगळं पत्र त्यासाठी आहे.

या काळात पत्र कशाला, असं म्हणशील. ताई, फोनवर तू मला अर्ध्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस. मी क्रियापदापर्यंत पोचतो तोवर तुझा निकाल लागून शिक्षाही सुनावून झालेली असते. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतो, पण तू फाडण्याआधी वाचशील, एवढा तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तर आधी माझ्यावरचे आरोप मांडतो, म्हणजे तुला वाटायला नको की मी टाळतोय. पाडव्याला आबांनी तुला फोन केला आणि सांगितलं की मला हिरवा झगा घालून चारचौघांत उभं केलं. तू फोन ठेवलास, आणि तेवढ्यात परिवाराच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला. त्यात आबा हिरव्या ओढणीचा फेटा बांधून, अंगावर हिरवी शाल घेऊन, काठी उगारून ओरडताहेत. त्यांच्या पायाशी हिरव्या चादरीत कुणीतरी पालथं पडलंय. भोवती चिल्लीपिल्ली किंचाळताहेत आणि मागे स्पीकरवर कसली तरी परदेशी बासरी वाजतेय. त्यावरून तू ठरवलंस की आम्ही नवराबायकोने शाळेच्या जाहिरातीसाठी म्हाताऱ्या बापाला विदूषक केलं, आबांचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, आणि तू अक्षय्य तृतीयेला येऊन त्यांना कायमचं बडोद्याला नेणार. वरची खोली रिकामी आहे, खिडकीतून बाग दिसते, हेही सांगितलंस. तुझ्या निर्णयाविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. फक्त काय झालं ते क्रमाने सांगतो.

सुरुवात बैठकीपासून करावी लागेल. सीमंतिनीने समोरच्या बैठकीत 'किलकारी' ही लहान मुलांची शाळा काढली, ते तुला माहीत आहे. तू नारळही पाठवला होतास. पण त्या बैठकीचं आता काय झालंय ते तू पाहिलेलं नाहीस. जिथे आबांचा तख्तपोस होता तिथे प्लास्टिकची घसरगुंडी आहे. जिथे तलवार टांगलेली होती त्या खुंटीवर मुलांच्या पाण्याच्या बाटल्या लटकतात. तलवार मागच्या खोलीत वॉशिंग मशिनच्या वर आहे, आणि तलवारीच्या खाली, म्हणजे मशिनच्या शेजारी, आबा. तिथून त्यांना पाण्याची टाकी आणि शेजाऱ्यांचा गंजलेला कूलर यांचं दर्शन घडतं. आम्ही त्यांना न विचारता हे केलं असं नाही. विचारलं होतं. ते म्हणाले, "करा." आता आबांचं 'करा' म्हणजे काय, हे तू आणि मी चड्डीत असल्यापासून ओळखतो, पण सीमंतिनी पडली उज्जैनची. तिने मनापासून केलं.

त्या दिवसापासून आबा सुनेशी बोलेनासे झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त सगळं माझ्यामार्फत. ती समोर उभी राहून ताट वाढायची आणि आबा माझ्याकडे पाहून म्हणायचे, "त्यांना सांग, वरणात मीठ कमी आहे." मी सांगायचो. ती म्हणायची, "आबासाहेबांना सांगा, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय." मी सांगायचो. बँकेतून थकून यावं आणि घरी पुन्हा काउंटरवर बसावं, असं दीड वर्ष चाललं. (महाराज बाड्याच्या चौकातल्या आमच्या शाखेत निदान जेवणाची सुट्टी असते.) त्या दीड वर्षात सीमंतिनी दोनदा रडली आणि एकदा शाळा बंद करते म्हणाली. आबांनी हळूहळू खोलीतून बाहेर येणंच थांबवलं. हे मी तुला तेव्हा कळवलं नाही. कळवलं असतं तर तू तेव्हाच आली असतीस.

आता आयर्लंड. हा देश आपल्या घरात शिरला तो गरिमामुळे. गरिमा म्हणजे अंशुलची आई, आणि अंशुल म्हणजे किलकारीतला सर्वांत मोठ्या आवाजाचा विद्यार्थी, वय वर्षं चार. फूलबागेकडच्या एका मोठ्या शाळेने मुलांना भुतं करून कुठलासा परदेशी सण साजरा केला, त्याचे फोटो गरिमाने पाहिले आणि प्रवेशाच्या मोसमात सीमंतिनीला येऊन गाठलं. "मॅम, इस बार कुछ इंटरनॅशनल हो जाए? होली तो घर पे भी हो जाती है." गरिमाला नाही म्हणणं म्हणजे तिच्या गल्लीतल्या सगळ्या मुलांना नाही म्हणणं, त्यामुळे सीमंतिनीने हो म्हटलं आणि काम नीलमवर सोपवलं. नीलम ही तिची एकुलती एक सहशिक्षिका. मोबाइलवर दिसेल ते कात्री आणि डिंकाने करून दाखवते. तिला कुणी ताजमहाल दाखवला तर संध्याकाळपर्यंत बुटांच्या खोक्यांचा तयार असेल आणि दुसऱ्या दिवशी मुलं त्यात खेळण्यातली म्हैस बांधतील.

नीलमने शोधून काढलं की सतरा मार्चला आयर्लंडात सेंट पॅट्रिक या संताचा सण असतो. मला ही निवड आवडली. ग्वाल्हेरात आयरिश माणूस एकही नाही, म्हणजे चूक काढायला कोणी येणार नव्हतं. सणाचा मालमसाला असा: सगळं हिरवं, तीन पाकळ्यांचं एक पान, इंद्रधनुष्य, त्याच्या टोकाशी सोन्याचा हंडा, आणि त्या हंड्याची राखण करणारा एक बुटका म्हातारा. नीलमने या म्हाताऱ्याचं वर्णन वाचून दाखवलं, की तो एकटा राहतो, सदा चिडलेला असतो, कुणाशी धड बोलत नाही आणि त्याला पकडायला मुलं सापळे लावतात. सीमंतिनीने फक्त एकदा मागच्या खोलीकडे पाहिलं.

आठवडाभर घरात जे चाललं त्याला क्राफ्ट म्हणतात. सिमला मिरची आडवी कापायची, हिरव्या रंगात बुडवायची आणि कागदावर ठसा मारायचा, की तीन पाकळ्यांचं पान उमटतं. मंडईत जाऊन मी भाजीवाल्याला सांगितलं की आतून तीन कप्पे असलेल्याच मिरच्या दे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथे परत गेलेलो नाही. चार कप्प्यांच्या निघाल्या त्या सीमंतिनीने पीठ पेरून भाजीला लावल्या. (चार पाकळ्यांचं पान तिकडे फार भाग्याचं समजतात, हे नंतर कळलं. आम्ही आमचं भाग्य पोळीशी खाल्लं.) बुटक्या म्हाताऱ्यासाठी खोक्यांचे सापळे झाले, आत चॉकलेटच्या सोनेरी मोहरा ठेवल्या. सकाळी सापळ्यांत मुंग्या सापडल्या, आणि मुलांना तेवढंही पुरलं.

घोटाळा झाला तो पानापाशी. ठसा पाहताच सगळी मुलं एका सुरात म्हणाली, "ये तो शंकरजी वाला पत्ता है." नीलमला वाटलं, खरं पान दाखवलं तर चांगलं. तिने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की उद्या सर्वांनी 'तीन पत्तियों वाला एक पत्ता' पाठवावा. उद्या म्हणजे सोमवार आणि प्रदोष, परवा दर महिन्याची शिवरात्र, अचलेश्वराच्या देवळाबाहेर बेलाचे ढीग लागलेले. झाडून सगळ्या आयांनी बेल पाठवला. गरिमाने तर डबा भरून पाठवला, वर थोडं कुंकूही. किलकारीत त्या सकाळी आयर्लंडचा राष्ट्रीय पाला म्हणून बेलाची पानं वाटली गेली, आणि मुलांनी ती डिंकात बुडवून त्यांवर चमकी भुरभुरायला सुरुवात केली.

मी बँकेत जायला निघालो होतो, हातात हेल्मेट. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. आबा बाहेर आले, चौकटीत उभे राहिले, आणि सीमंतिनीकडे पाहून म्हणाले, "बेलाला डिंक लावत नाहीत."

सवयीने मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "बेलाला डिंक लावत नाहीत."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "मला सांगितलं त्यांनी."

मी हेल्मेट ठेवून दिलं आणि बँकेत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण घरगुती. आबा पुढे आले आणि मुलांच्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. (गुडघे हनुवटीला टेकले होते, पण पाठ ताठ.) बेल देठाकडून कसा धरायचा, छिद्राचं पान का घ्यायचं नाही, वाहताना पालथा का वाहायचा, हे त्यांनी एकेकाला दाखवलं. मुलं हिंदीत विचारत होती, आबा मराठीत सांगत होते आणि कुणाचंच काही अडत नव्हतं. डिंक लागलेली पानं वेगळी झाली, स्वच्छ पानं तांब्याच्या ताम्हनात गेली, आणि कागदावर कागदाचंच पान चिकटवावं असा हुकूम सुटला. अंशुलने चमकी लावलेलं पान आबांच्या सदऱ्याला चिकटवलं ते त्यांनी दिवसभर काढलं नाही. मी पाहत होतो.

दुसरा घोटाळा त्याच दुपारी. पॅट्रिकचं काम कोपऱ्यावरच्या जिमच्या युवराजकडे होतं. हा मुलगा दंडाने भीम आणि मनाने ससा. त्याला कापसाची दाढी लावली तर निम्मी मुलं रडायला लागली, उरलेल्यांनी दाढी ओढली. कापूस नाकात जाऊन युवराजला ज्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. "भाभीजी, मुझसे नहीं होगा," असं सांगून तो गेला आणि जाताना घाईत दाढी घेऊन गेला. सोहळा दुसऱ्या दिवशी, पालकांना निमंत्रणं गेलेली, आणि संताचा पत्ता नाही. घरात खरी पांढरी दाढी एकच होती. सीमंतिनीने चहा केला, ओढणी डोक्यावर घेतली आणि मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो, दुभाष्या म्हणून लागलो तर असावं. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

तिने सरळ विचारलं. आबांनी आधी चहा संपवला. मग म्हणाले, "महाराजपूरला आपल्या शिंद्यांच्या पलटणी हरल्या, तेव्हा गोऱ्यांचा सेनापती मूळचा कुठला होता, माहीत आहे? आयर्लंडचा. माझ्या पणजोबांचे वडील त्या दिवशी तोफेपाशी होते. आणि मी त्यांचा सण करू?" ताई, ही लढाई होऊन पावणेदोनशे वर्षं उलटली, पण आबांच्या दृष्टीने तो विषय अजून बंद झालेला नाही. मला वाटलं, संपलं. पण सीमंतिनी म्हणाली, "आबासाहेब, हा पॅट्रिक तिथला नव्हताच. पोरसवदा असताना त्याला घरातून उचलून नेलं होतं त्यांनी. परक्यांच्या दारात मेंढ्या राखल्या त्याने."

आबांनी खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. "उचलून नेलेला होय," ते म्हणाले. मग विचारलं, "सुटला का?"

"सुटला. घरी परत गेला. आणि मग म्हातारपणाकडे झुकल्यावर स्वतः होऊन पुन्हा तिथेच आला."

"स्वतः होऊन आला तर ठीक आहे," आबा म्हणाले, आणि रिकामा कप तिच्या हातात दिला. माझ्या हातात नाही.

अर्थात अटी होत्या. पहिली अट डोक्याची. नीलमने पुठ्ठ्याची उंच हिरवी टोपी केली होती, ती पाहून आबा म्हणाले की असली टोपी लग्नाच्या वरातीत घोडेवालाही घालणार नाही. संत असो की सरदार, डोक्यावर शिंदेशाही पगडीच पाहिजे. आता पगडी कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. (या विषयावर आत्ता इतकंच.) म्हणून ओढणीचा फेटा बांधावा लागला. व्हिडिओत तुला जो पोरखेळ वाटला तो फेटा आबांनी स्वतः आरशासमोर उभं राहून तीनदा सोडून बांधला होता, पुढचं टोक पगडीसारखं येईपर्यंत.

दुसरी अट सापांची. गोष्टीत असं आहे की पॅट्रिकने आयर्लंडातले सगळे साप समुद्रात हाकलले आणि तिथे आजही एक साप नाही. नीलमने त्यासाठी एक मोठा साप तयार ठेवला होता, म्हणजे हिरवी चादर, पुठ्ठ्याचा फणा, आणि आत शिरायला तयार झालेले एक मध्यमवयीन गृहस्थ. (त्यांचं नाव सांगण्याचं इथे कारण नाही. सज्जन माणूस, फक्त गुडघ्यांनी कच्चा.) मुलांनी "साँप, जाओ" असं ओरडायचं आणि सापाने सरपटत बाहेर जायचं. आबांनी सपशेल नकार दिला. ज्या घरात नागपंचमीला पाटावर चंदनाचा नाग काढतात, लाह्या-दूध दाखवतात, त्या दिवशी चिरत नाहीत, खणत नाहीत, तव्यावर काही टाकत नाहीत, त्या घरातून साप हाकलायचा? तेही शिवरात्रीला? नीलम म्हणाली, "दादाजी, पर कहानी में तो भगा देते हैं." आबा म्हणाले की तिकडून हाकलले असतील तर आले कुठे? इकडेच आले. तिकडे एकही नाही आणि आपल्याकडे पाहावं तिथे आहेत, हिशेब उघड आहे. आले ते पाहुणे, पाहुण्यांना बसवायचं. एवढं तर्कशुद्ध संशोधन मी आयुष्यात ऐकलेलं नाही. सीमंतिनीने तिथल्या तिथे गोष्ट बदलली. नवीन शेवट असा, की आयर्लंडातून हाकललेले साप पोहत पोहत ग्वाल्हेरला येतात आणि पॅट्रिक त्यांना बैठकीत घेतो.

सतरा तारखेला सकाळी गल्लीतून मुलांची मिरवणूक निघाली. हिरवे फेटे, हिरवे झेंडे, पुढे ताम्हन, मागे पुठ्ठ्याचं इंद्रधनुष्य. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मला विचारलं, "भैया, चुनाव आ गए क्या?" मी म्हटलं, नाही, संत आहेत. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मग मंडळी बैठकीत आली, आयांनी मोबाइल उंच धरले, बासरी लागली आणि पॅट्रिक उभा राहिला. ताई, मला वाटलं होतं आबा थरथरतील. ते असे उभे होते जसे दसऱ्याला आजोबांबरोबर उभे राहायचे. साप सरपटत आत आला. आबांनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, "थांबा. लांबून आलात. बसा."

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पण नाग पाहुणा आहे आणि पाहुण्याला लाह्या द्यायच्या असतात, हे आबांनी आदल्या दिवशी मुलांना सांगून ठेवलं होतं, आणि लाह्यांच्या जागी नीलमने पॉपकॉर्न आणला होता. अंशुल उठला आणि मूठभर पॉपकॉर्न सापाच्या तोंडात कोंबला. ते पाहून दुसरा उठला. मग सगळे. किलकारीची सगळी पटसंख्या त्या चादरीवर तुटून पडली. कुणी खाऊ घालत होतं, कुणी पाठीवर बसलं होतं, एकाने भक्तिभावाने फण्यात दूध ओतलं. साप खोकत होता, पण खोकणारा साप मुलांना फारच आवडला. तेव्हा आबांनी काठी उचलली आणि त्यांच्या त्या जुन्या आवाजात, जो आपण दोघांनी लहानपणी पतंगाच्या दिवसांत गच्चीवरून ऐकलाय, ओरडले की दाटी करू नका, मागे व्हा, श्वास घेऊ द्या. मुलं किंचाळत मागे सरली. गरिमाने तेवढाच तुकडा कापून ठेवला, कारण त्यात तिचा अंशुल समोर दिसतो. तू पाहिलास तो हा तुकडा. काठी कुणाला मारायला उगारली नव्हती.

त्यानंतरचं सांगतो आणि आटोपतं घेतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला आबा आपण होऊन बैठकीत आले, कारण अंशुलने मागच्या खोलीचं दार वाजवून विचारलं होतं की पैट्रिक दादाजी उठे कि नहीं. त्यांनी मुलांना पॅट्रिकची पुढची गोष्ट सांगितली. पुढची गोष्ट कुठेही लिहिलेली नाही, पण त्यामुळे अडलं नाही. आजमितीला पॅट्रिक चंबळ ओलांडून शिंद्यांच्या लष्करात दाखल झालेला आहे, त्याच्याकडे अबलख घोडी आहे, आणि माझा अंदाज आहे की महाराजपूरची लढाई या खेपेला आपण जिंकणार. तख्तपोस परत बैठकीत आला. घसरगुंडी अंगणात गेली. मुलांची डुलकीची वेळ झाली की ती तख्तपोसावर ओळीने झोपतात आणि आबा लोडाला टेकून पहारा देतात, म्हणजे तेही झोपतात. परवा आबांना घेऊन बाड्यावर औषधं घ्यायला गेलो तर रस्त्याच्या पलीकडून एक पोर आईच्या कडेवरून ओरडलं, "पैट्रिक दादाजी," आणि आबांनी भर चौकात मान तुकवून त्याचा मुजरा स्वीकारला.

सुनेशी ते आता थेट बोलतात. गोड काही नाही. वरणात मीठ कमी आहे, नीलमची अक्षरं वाकडी आहेत, खिडकीचा पडदा बदला. ती तिथल्या तिथे उत्तर देते. काल दोघांचं पडद्याच्या रंगावरून चांगलं कडाक्याचं वाजलं, आणि मी शेजारी बसून पोळी खात होतो, मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही. दीड वर्षाची नोकरी सुटली. थोडं रिकामं रिकामं वाटतं.

मग आबांनी तुला तो फोन का केला? ताई, आबा आनंदाची बातमी तक्रारीच्या सुरात सांगतात. मी बँकेत लागलो तेव्हा ते गावभर सांगत होते की कार्टं आता दिवसभर लोकांचे रुपये मोजणार. तू झगा ऐकलास आणि फोन ठेवलास. ते पुढे सांगणार होते की झगा कसा शोभत होता.

असो. तू थोरली आहेस, ठरवलं आहेस तर ये आणि आबांना ने. आम्ही आडवे येणार नाही. सीमंतिनीने त्यांची बॅगसुद्धा माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. (नीलमने त्यात रंगाच्या बाटल्या भरल्या आहेत, पण त्या काढता येतील.) जिजाजींना नमस्कार, समरजीत व सूनबाईंना आशीर्वाद. प्रकृतीची काळजी घे, वरणात मीठ कमी घाल.

तुझा,
मधु

ता. क. पगडीचं. समरजीतच्या लग्नात वरमिरवणुकीला म्हणून जी नेलीस ती अजून बडोद्यात तुझ्या कपाटात आहे. येताना ती घेऊन ये. नागपंचमीला किलकारीत पॅट्रिकचा पुढचा कार्यक्रम ठरला आहे, निमंत्रणं छापायला गेली आहेत, आणि ओढणीवर आबा या वेळी राजी नाहीत. पगडी बसमध्ये मांडीवर ठेव, सामानात टाकू नकोस.

दुसरा ता. क. चादरीतले ते गृहस्थ म्हणजे मी. जिजाजींना कळू देऊ नकोस. त्यांनी ग्रुपवर लिहिलंय की सापाचं काम उत्तम झालं, पण वजन कमी करावं. व्हिडिओ जिथे संपतो त्याच्या पुढचं तुला सांगायचं राहिलं. मुलं मागे सरल्यावर आबांनी काठी खाली ठेवली, वाकले, आणि दुधाने भिजलेल्या त्या पुठ्ठ्याच्या फण्यावर हात ठेवून मुलांना म्हणाले, "हा आपल्या घरचा आहे." मी आत पॉपकॉर्नने बंद तोंडाने पडलो होतो, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

तिसरा ता. क. पत्र बंद करण्याआधी आबांना वाचून दाखवलं. महाराजपूरचा मजकूर कमी पडला म्हणाले. बाकी तुझ्यासाठी त्यांचा निरोप आहे, आणि तो सांगायला त्यांनी पुन्हा मलाच दुभाष्या केलंय, म्हणून शब्दशः देतो: "तिला सांग, जरूर ये. महिनाभर राहा. परतीचं तिकीट मात्र स्वतःपुरतंच काढ."